नाराज नाही, डिसअपॉइंटेड

पाचवीत आमच्या इंग्रजीच्या बाईंनी वर्गाच्या भिंतीवर चार चेहरे चिकटवले होते. हॅपी, सॅड, अँग्री आणि टायर्ड. मुलुंडच्या मराठी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलीला इंग्रजीत याहून जास्त काही वाटायची वेळ येईल असं बाईंना वाटलं नसावं. त्यांचंही काही चुकलं नाही. माझं अर्धं आयुष्य त्या चार चेहऱ्यांवर नीट भागलं. पाचवा शब्द मला नोकरीत सापडला, आणि त्यासाठी मला एक लेखी समज मिळाली. ती मी घरी कपाटात जपून ठेवली आहे.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला. स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी शुद्ध करणारी जी मशीनं टांगलेली असतात, ती आमची कंपनी विकते. विकल्यावर जे होतं ते माझ्या टेबलावर येतं. मशीन गळतं, पाण्याला वास येतो, मेकॅनिक येतो येतो म्हणतो आणि येत नाही. लोक मेल करतात. ते मेल वाचायचे, कोणाला कसलं उत्तर जायला हवं ते ठरवायचं आणि पुढे पाठवायचं, हे माझं काम. मी लागले तेव्हा आमच्या टीम लीड मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, "चिडलेल्यांना घाबरू नको गं. ते ओरडतात, दमतात आणि परत आपल्याकडूनच फिल्टर घेतात. त्यांना सॉरीचा मेल आणि मेकॅनिक. पण कोणी डिसअपॉइंटेड आहे असं लिहिलं ना, की तो मेल डायरेक्ट सरांकडे टाक. ते गिऱ्हाईक गेलं समज."

सर म्हणजे आमच्या सगळ्या विभागाचे मॅनेजर. बोरिवलीचे, मराठीच. चांगले होते, म्हणजे मॅनेजर जितके चांगले असू शकतात तितके.

असा एक मेल मला अजून आठवतो. जुहूच्या एका आजींचा होता. इतर लोक कॅपिटल अक्षरांत शिव्या घालतात, उद्गारचिन्हांची माळ लावतात. आजींनी मोजून चार ओळी लिहिल्या होत्या. इतकी वर्षं तुमचंच मशीन वापरते, तुमच्याकडून मला याहून चांगल्याची अपेक्षा होती, मी डिसअपॉइंटेड आहे, खाली नाव. बस. मी तो सरांकडे पाठवला आणि दोन मिनिटांत काचेपलीकडे सर फोन लावताना दिसले. बोलता बोलता सर खुर्चीतून उठून उभे राहिले. आजी तिकडे जुहूला, सर इकडे अंधेरीत, त्यांना काय दिसणार होतं? पण उभे राहिले खरे. मी मनात म्हटलं, या शब्दात काहीतरी आहे.

शब्दकोशात पाहिलं तर निराश, हताश, अपेक्षाभंग झालेला असं लिहिलेलं. निराश माणूस घरी पंख्याकडे बघत पडून राहतो. जुहूच्या आजी पडून नव्हत्या. त्या ताठ बसून लिहीत होत्या, हे मेलवरूनच कळत होतं. आणि अपेक्षाभंग हा शब्द वर्तमानपत्राच्या बाहेर मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मग मला दिसायला लागलं की हा शब्द आमच्या ऑफिसात फक्त एकाच दिशेने वाहतो. गिऱ्हाईक कंपनीला म्हणतं. हेड ऑफिस सरांना म्हणतं. सर आम्हाला म्हणतात. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं महिनाअखेरीला आलं आणि मी रजा टाकली, तेव्हा मलाही म्हणाले होते, आवाज न चढवता, "आय अ‍ॅम डिसअपॉइंटेड." मी उभ्या उभ्या सॉरी म्हटलं. आईच्या डोळ्याबद्दल सॉरी! आमच्याकडून वर मात्र जायचं ते ओके सर, नो प्रॉब्लेम सर, चालेल सर. काहीही चालायचं आम्हाला.

आता मूळ गोष्ट. खंडेनवमीला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा होते. कीबोर्डवर झेंडूचं फूल, स्क्रीनला हळदकुंकवाचं बोट, आणि सगळ्यांनी घरून आणलेलं खाणं. त्या वर्षी पूजा झाल्यावर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की टीम लीड मॅडम मार्चमध्ये बंगळुरूला जाणार आहेत. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि मार्चनंतर ती खुर्ची यांची. आजचा नारळ यांनीच फोडायचा." टाळ्या वाजल्या. नारळ फोडायचा मान तोवर कायम सरांचा असे. मी एका फटक्यात फोडला. घरी येऊन सांगितलं, ऑफिसात मला नारळ मिळाला, तर आई घाबरली. तिला वाटलं मला काढून टाकलं.

त्या दिवसापासून मी ते काम करायला लागले. मॅडम जायच्या आधीच त्यांची अर्धी कामं माझ्याकडे आली, त्या गेल्यावर सगळीच आली. सकाळची वाटणी, मेकॅनिकांशी रोजची हुज्जत, आठवड्याचा रिपोर्ट. खुर्ची तेवढी रिकामी होती. मी माझ्याच खुर्चीवर बसून तिचं काम करत होते, कारण कागद आल्याशिवाय तिथे बसणं मला बरं दिसेना. मला ती खुर्ची हवी होती. उगाच विनय दाखवत नाही. सकाळी मेट्रोत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात त्या टेबलावर कुंडी कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं.

पाडवा झाला आणि सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "बसा ताई," म्हणाले. ते बसा म्हणाले तेव्हाच मी ओळखलं. चांगली बातमी ते उभ्याउभ्याच देतात.

"ताई, कामात तुम्ही बाप आहात, यात वादच नाही. पण हेड ऑफिसचे कॉल असतात, तिथे फडाफडा इंग्रजी लागतं. तुम्ही जरा अडखळता. तर वरून एक जण येतोय. तरुण आहे, हुशार आहे. तुम्ही त्याला काम शिकवा. नाराज होऊ नका हं."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "आणि उद्या त्याच्या वेलकमला बुके तुमच्या हातून देऊ. सर्वांत सीनियर तुम्ही. दोन शब्द बोला. बरं दिसतं."

आमच्याकडची ही रीत. ज्याच्या पानातलं उचललं जातं, त्यालाच वाढायला उभं करतात. त्याने हसून गुच्छ दिला, दोन शब्द बोलला, की सगळ्यांना मोकळं वाटतं. फोटो निघतो आणि फोटोत कोणीच दुखावलेलं दिसत नाही. आणि मी काय म्हटलं असेल? चालेल सर. तोंडातून आपोआप गेलं. घाटकोपर येईपर्यंत माझा मलाच इतका राग आला होता की मी शेजारच्या बाईच्या पिशवीवर उगाचच खेकसले.

घरी आई खवणीवर नारळ खवत बसली होती, नवरा फोनवर क्रिकेट बघत होता. मी पर्स टाकली आणि सगळं ओकले. आईने मालवणीत सरांच्या सात पिढ्या काढल्या. नवऱ्याने फोन बाजूला ठेवला, म्हणजे त्यालाही लागलं होतं.

"मग उद्या सांग ना सरळ," तो म्हणाला. "सर, मी नाराज आहे. विषय संपला."

"तेच तर नकोय मला. नाराज म्हटलं की समजूत काढतात रे."

खरंच आहे ते. लग्नात आत्या नाराज झाली की तिला साडी नेसवतात. आमदार नाराज झाला की त्याला महामंडळ देतात. व्याही नाराज झाले की त्यांच्या ताटात आधी जिलबी पडते. आपल्याकडे नाराज माणसाला काहीतरी द्यायचं असतं, आणि तो एकदा हसला की प्रकरण मिटतं. रुसलेल्या पोराची आणि नाराज बाईची एकाच सुरात मनधरणी करतात. सरांनी तर मी व्हायच्या आधीच सांगून टाकलं होतं, नाराज होऊ नका. त्यांच्या हिशेबात मी चॉकलेट देऊन गप्प करायच्या लायकीची होते. आणि वाईट वाटलं म्हणावं, तर वाईट मला वाटतं, त्यात सरांचं काय जातं? मला वाईट वाटतंय हे त्यांना सांगायचंच नव्हतं. मला सांगायचं होतं की मी तुम्हाला मोजलं होतं आणि तुम्ही कमी भरलात.

"मला जुहूच्या आजींचा शब्द पाहिजे," मी म्हटलं. नवऱ्याला ती गोष्ट माहीत होती. तो उठून फ्रीजपाशी जाऊन उभा राहिला, पोट पुढे काढून. "बोल. मी सर."

पहिल्यांदा मला हसू फुटलं. दुसऱ्यांदा आवाज भरून आला. "अगं, हे सॅड झालं," तो म्हणाला. तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बारीक केला. "हे भांडण झालं. आणि माझ्याकडे असं बघू नको यार, मी काय केलंय?" आईला इंग्रजी ओ की ठो येत नाही, पण परीक्षक तीच झाली. खवणीवरून न उठता म्हणाली, "आवाज चढव नको. खाली बघ नको. त्येच्या डोळ्यात बघान बोल, आणि बोललंस काय गप रव."

मी तसं बोलले. फ्रीजपाशी उभा असलेला माझा नवरा, ज्याने काहीएक केलं नव्हतं, त्याने मान खाली घातली. "हां, आता बरा झाला," आई म्हणाली आणि पुन्हा खवायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मधल्या जागेत जमले. टेबलावर पायनॅपल केक, बाजूला सेलोफेनमध्ये गुंडाळलेला जरबेराचा गुच्छ. एचआरच्या मॅडम फोनवर व्हिडिओ काढत होत्या. नवा टीम लीड तिशीच्या आतला मुलगा होता, मालाडचा, नवा शर्ट घालून अवघडून उभा. त्याला काहीच माहीत नव्हतं, हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. सरांनी माझी ओळख करून दिली, कंपनीचा कणा वगैरे म्हणाले, आणि गुच्छ माझ्या हातात दिला.

मी तो त्या मुलाला दिला. त्याला म्हटलं, "वेलकम. काम मी शिकवीन, काळजी करू नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले आणि मग सरांकडे वळले.

"सर, यू प्रॉमिस्ड मी धिस पोस्ट. इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी. आय अ‍ॅम डिसअपॉइंटेड इन यू."

आणि गप्प राहिले. आईने सांगितलं होतं म्हणून राहू शकले, नाहीतर मी लगेच सॉरी सर म्हणून मोकळी झाले असते. एचआर मॅडमचा फोन तसाच उचललेला होता. सर आधी हसले, मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "अरे, ताई जोक करतायत."

"नाही सर," मी म्हटलं.

केक कापला गेला, कारण तो आणलेला होता. मी दोन तुकडे खाल्ले. मला जोराची भूक लागली होती.

सोमवारी एचआरने बोलावलं. मॅडम होत्या आणि बाजूला सर. मॅडम हिंदी-इंग्रजी मिसळून अतिशय गोड बोलत होत्या. भाषेचा घोटाळा होतो कधीकधी, आम्ही समजू शकतो. तुमचं शिक्षण मराठीतून. तुम्हाला सॅड म्हणायचं असेल, त्या शब्दाचा सूर तुमच्या लक्षात आला नसेल. तसा दोन ओळींचा मेल टाका, की इंग्रजी कच्चं असल्यामुळे शब्द चुकीचा गेला. विषय इथेच संपेल, आणि सीनियर एक्झिक्युटिव्ह असं पदही तुम्हाला देता येईल. नाहीतर नाइलाजाने लेखी समज द्यावी लागेल, ती फाइलला राहते. मी रागाने बोलले असते तरी चाललं असतं, असंही त्या म्हणाल्या. राग सगळ्यांना येतो. पण हा शब्द सरांच्या पोझिशनला धरून नाही.

सर मराठीत म्हणाले, अगदी हळू, "ताई, तुम्हाला वाईट वाटलं असं म्हणायचं होतं ना? कळतं मला."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. पद मिळत होतं, फाइल कोरी राहत होती, नुसतं मला इंग्रजी येत नाही म्हणायचं होतं. जन्मभर मी ते तसंही म्हणत आले होते, दुकानात, बँकेत, मुलीच्या शाळेत. एकदा आणखी म्हटलं तर काय बिघडणार होतं? आणि मग डोक्यात तिडीक गेली. गेल्या आठवड्यात माझं इंग्रजी कच्चं म्हणून माझी खुर्ची गेली. या आठवड्यात तेच इंग्रजी कच्चं म्हणून मला माफी मिळणार. म्हणजे माझं इंग्रजी यांना सोयीचं असेल तेव्हा आणि तेवढंच कच्चं असायला हवं होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "हा शब्द मी रोज वाचते. माझं कामच ते आहे. कोणी हा शब्द लिहिला की तो मेल मी सरांकडे पाठवते, आणि सर स्वतः फोन करतात. चिडलेल्यांना करत नाहीत, यांना करतात. मी आजवर एकही मेल चुकीचा पाठवलेला नाही. सरांना विचारा."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"मला सूर माहीत आहे आणि अर्थही माहीत आहे. हवा तर मराठीत सांगते. सर, तुम्ही सगळ्यांदेखत शब्द दिलात. तुम्ही तो पाळाल असं मी धरून चालले, कारण तुम्हाला मी तेवढं मोठं समजत होते. तुम्ही तेवढे निघाला नाहीत. यात चुकीचा शब्द कुठला आहे ते दाखवा, मी मेल टाकते."

लेखी समज दुसऱ्या दिवशी आली. ती मी सगळी वाचली, अडखळत वाचली पण वाचली, आणि मिळाली म्हणून सही केली.

खुर्ची मला मिळाली नाही. तिथे तो मालाडचा मुलगा बसतो. त्याला मी काम शिकवलं, नीट शिकवलं, हातचं राखून नाही. गुन्हा त्याचा नव्हता. एकदा जेवताना म्हणाला, "मॅडम, मला आधी कळलं असतं तर..." मी म्हटलं, "तर तू आला नसतास का रे?" तो विचार करून म्हणाला, "आलो असतो." मला तो त्या दिवसापासून आवडतो. आमच्या ओळीतल्या मुलींनी तर शब्दाचा फार्स करून टाकला. चहात साखर कमी पडली की पँट्रीवाल्याला सगळ्या एकासुरात डिसअपॉइंटेड म्हणतात. सर मात्र आता कोणाला तो शब्द वापरत नाहीत. नॉट हॅपी म्हणतात. पाचवीच्या भिंतीवर आले.

माझ्याशी ते काही महिने कामापुरतंच बोलले. मग एका संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच सापडलो. नवव्या मजल्यावरून खाली येताना ते दरवाज्यावरच्या आकड्यांकडे बघत होते. पाचवा मजला गेल्यावर म्हणाले, "ताई, आता तरी राग गेला का?"

"राग नव्हताच सर."

"मग अजून तेच?"

"अजून तेच."

ते थोडं हसले, दमल्यासारखे. त्यांचा सूर चांगला होता, अगदी मनापासून म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू या हं, तुमचं काय करता येतं ते."

माझी समजूत निघत होती. मला ते लगेच कळलं, आणि या वेळी तोंडातून चालेल सर गेलं नाही.

"माझं काही करायचं नाहीये सर," मी म्हटलं. "मी होते तिथेच आहे. कमी पडलात ते तुम्ही. काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

तळमजला आला, दार उघडलं. सर आधी बाहेर पडतील म्हणून आम्ही सगळे नेहमी थांबतो. मी थांबले नाही.